विश्लेषण : घाटात गाडी तापली, बोनेट लगेच उघडावे का? कोकणच्या खाऱ्या हवेत खटका दगा का देतो?

गणपती जवळ आले की मुंबई, ठाणे, पुण्याहून रत्नागिरीकडे येणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. आत पाच माणसे, डिकी भरलेली, टपावर बोजा, एसी सुरू आणि समोर घाटाचा चढ. मुंबई-गोवा महामार्गावर भोस्ते किंवा परशुराम घाटात, कोल्हापूरच्या वाटेवर आंबा घाटात, कराडच्या वाटेवर कुंभार्लीत एखादी तरी गाडी बोनेट वर करून कडेला उभी दिसते. पुढचा प्रसंगही अनेकांनी पाहिलेला असतो. कुणीतरी रुमाल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घालतो आणि घरचे सगळे भोवती वाकून बघत असतात. त्या झाकणाखाली उकळत्या पाण्यापेक्षाही गरम पाणी दाबाने कोंडलेले असते, याची कल्पना भोवतीच्या कुणालाच नसते.

बोनेट उघडणे हे काम दोन मिनिटांचे. ड्रायव्हिंग शिकवताना ते एकदा दाखवले जाते, कधी तेही नाही. त्यातला एक धोका मात्र गाडी उभी असताना दिसतच नाही. तो बोनेट बंद केल्यानंतर, गाडी वेगात असताना समोर येतो. म्हणून उघडण्याइतकेच ते बंद कसे करावे, हेही महत्त्वाचे.

बोनेट दोनदा का उघडावे लागते?

स्टिअरिंगखाली, बहुतेक गाड्यांत चालकाच्या उजव्या गुडघ्याजवळ, बोनेटचे चित्र असलेला एक छोटा दांडा असतो. तो ओढला की त्याला जोडलेली तारेची केबल पुढच्या जाळीमागचा मुख्य खटका सोडवते. ‘टक्‌’ असा आवाज होतो आणि बोनेट बोटभर वर उचलले जाते. पण ते पूर्ण उघडत नाही, कारण तिथे दुसरा खटका असतो. गॅरेजमध्ये त्याला सेफ्टी लॉक किंवा सेफ्टी हूक म्हणतात. बोनेटच्या फटीत बोटे घालून, साधारण मधोमध चाचपले की त्याची पट्टी हाताला लागते. काही गाड्यांत ती वर दाबायची असते, काहींत डावीकडे किंवा उजवीकडे सरकवायची. नव्या गाडीपुढे उभे राहून पाच मिनिटे फटीत बोटे फिरवणारी माणसे अडाणी नसतात. प्रत्येक कंपनीने ती पट्टी वेगळ्या जागी बसवलेली असते, इतकेच. गाडीच्या पुस्तकात तिचे चित्र असते. ते पावसात, रात्री, घाटात शोधण्यापेक्षा अंगणात उजेडी एकदा पाहून ठेवलेले बरे.

हा दुसरा खटका कंपनीने हौसेने दिलेला नाही. बोनेट मागच्या बाजूने, काचेजवळ बिजागरीवर बसवलेले असते. गाडी पळत असताना ते सुटले, तर वारा ते उचलून थेट समोरच्या काचेवर आपटतो आणि चालकाला रस्ता दिसेनासा होतो. अमेरिकेत यासाठी १ जानेवारी १९६९ पासून नियमच आहे. उघडल्यावर चालकाची समोरची दृष्टी अडवू शकेल अशा, पुढून उघडणाऱ्या बोनेटला दुसरा खटका किंवा खटक्याची दुसरी अवस्था असलीच पाहिजे. आज आपल्या रस्त्यांवरच्या गाड्यांतही हीच रचना दिसते.

गाडी गरम झाली, तर बोनेट लगेच उघडावे का?

आधी गाडीच्या आत बसूनच करण्यासारखे काही असते. तापमानाचा काटा वर चढू लागला किंवा लाल दिवा लागला की एसी बंद करावा, हीटर पूर्ण सुरू करून काचा खाली घ्याव्यात. ऑगस्टच्या दमटपणात हीटर लावायचा म्हणजे शिक्षा वाटेल. पण हीटर इंजिनातलीच उष्णता ओढून घेतो. तो एका जास्तीच्या छोट्या रेडिएटरचे काम करतो. मग वळणावर नव्हे, मागून येणाऱ्याला दुरून दिसेल अशा सरळ जागी गाडी डाव्या बाजूला घ्यावी. हँडब्रेक, पार्किंग दिवे, चाकाखाली दगड. घाटात हा दगड विसरू नये. बोनेटसमोर वाकलेला माणूस आणि मागे सरकणारी किंवा पुढे घरंगळणारी गाडी ही जोडी वाईट.

बोनेटच्या कडांतून वाफ येत असेल तर इंजिन बंद करावे आणि बोनेटला हात लावू नये. वाफ थांबेपर्यंत थांबावे. रबरी नळी फाटलेली असेल तर बोनेट उचलताच वाफेचा झोत तोंडावर येतो. वाफ नसेल आणि फक्त काटा वर गेला असेल तर बोनेट उघडल्याने आतली उष्णता लवकर बाहेर पडते, त्यामुळे ते उघडायला हरकत नाही. पण तेव्हाही पत्र्याला आधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन अंदाज घ्यावा, जाड फडके धरावे, चेहरा बाजूला ठेवावा आणि लहान मुलांना दुसऱ्या बाजूला, कठड्याच्या आत उभे करावे.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. गाडी बंद केली की ती लगेच थंड व्हायला लागते, असे वाटते. प्रत्यक्षात इंजिन बंद होताच पाणी फिरवणारा पंपही बंद होतो आणि धातूत साठलेली उष्णता त्याच पाण्यात उतरत राहते. त्यामुळे बंद केल्यावर काही मिनिटे आतले तापमान आणखी वर जाऊ शकते. गाडी थांबवून पाच मिनिटांत झाकण उघडणारा माणूस नेमका त्या वाईट क्षणी हात घालत असतो.

झाकणाखाली नेमके काय असते?

साधे पाणी समुद्रसपाटीवर १०० अंश सेल्सिअसला उकळते. इंजिनातले कूलंट मात्र बंद डब्यात, दाबाखाली ठेवलेले असते. प्रेशर कुकरचेच तत्त्व. झाकणातली स्प्रिंग साधारण एक बारच्या आसपास जास्तीचा दाब धरून ठेवते. एवढ्या दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांपर्यंत जातो आणि कूलंट मिसळलेले असेल तर त्याच्याही वर. म्हणजे आतले द्रव ११५ अंशांवर असूनही उकळत नाही, शांत दिसते. झाकण फिरवले की दाब एका क्षणात उतरतो आणि तेच द्रव एकदम वाफ होऊ पाहते. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सुमारे १६०० ते १७०० पट जागा मागते. उरलेले उकळते पाणी तिच्याबरोबर उसळून वर येते. शिट्टी न गेलेल्या कुकरचे झाकण कुणी ओढत नाही. रेडिएटरचे मात्र ओढले जाते, कारण त्याला शिट्टी नसते.

किती थांबावे? किमान अर्धा तास, आणि तेही घड्याळ लावून. रेडिएटरची वरची जाड रबरी नळी फडक्यातून दाबून पाहिली आणि ती ताठ लागली, तर आत दाब आहे असे समजावे. नळी मऊ, झाकण हाताला सोसवेल इतके कोमट झाल्यावर जाड ओले फडके दोन-तीन घड्या करून त्यावर टाकावे, चेहरा बाजूला वळवावा आणि झाकण हळू, पाव फेरा फिरवून थांबावे. फुसफुस थांबली की मगच पूर्ण काढावे.

बऱ्याच गाड्यांत झाकण काढण्याची गरजच नसते. बाजूला पांढरट प्लास्टिकची टाकी असते, तिच्यावर किमान आणि कमालच्या खुणा असतात; पातळी बाहेरूनच दिसते. पण सावध. काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसते आणि ही टाकीच दाबाखाली असते. तिचे आट्याचे झाकण तितकेच धोक्याचे. त्यावर इशाऱ्याचे चित्र असते, ते पाहूनच हात लावावा.

पावसाळ्यात घाटात पाण्याला तोटा नसतो. कड्यावरून येणाऱ्या ओहोळाचे पाणी बाटलीत भरून तापल्या इंजिनावर ओतण्याचा मोह होतो. तसे केल्यास तापलेला धातू एकदम आकसतो आणि हेड वाकण्याची किंवा तडकण्याची भीती असते. मग शंभर-दोनशे रुपयांच्या नळीचे काम हजारोंवर जाते. पूर्ण गार झालेल्या टाकीत वेळ मारून नेण्यापुरते साधे पाणी घालता येते, थोडे थोडे. नंतर गॅरेजमध्ये ते काढून योग्य प्रमाणात कूलंट भरून घ्यावे. समुद्राचे पाणी मात्र कधीच नाही, मग गाडी गणपतीपुळ्याच्या वाळूपासून दहा पावलांवर बंद पडलेली असली तरीही.

भाजलेच तर भाजलेल्या भागावर वाहते, साधे गार पाणी २० मिनिटे सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यातले काही लावू नये. अंगठी, कडे, घड्याळ सूज येण्यापूर्वी काढावे. चेहरा किंवा डोळे भाजले असतील तर वेळ न घालवता रुग्णालय. ११२ किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

इंजिन बंद असताना पंखा का फिरतो?

आजच्या बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि तो तापमानाकडे पाहून सुरू होतो. चावी काढलेली असली तरी काही गाड्यांत तो अचानक फिरू लागतो. सलवारीची ओढणी, सोडलेले केस, गळ्यातली लांब साखळी किंवा मंगळसूत्र, शर्टाची सुटी बाही यांना पंख्याजवळ आणि बेल्टजवळ जागा नाही. ओढणी आधी बाजूला काढून ठेवावी, पदर खोचावा, मगच वाकावे.

चावीची गाडी असेल तर चावी खिशात. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत ती खरोखर बंद झाली आहे का, हे डॅशबोर्डवर पाहावे. हायब्रिड गाडी शांत उभी असते आणि तिचे इंजिन मनाला येईल तेव्हा सुरू होते. आवाज नाही म्हणजे बंद, हा जुना हिशेब तिथे चालत नाही. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांचेही तेच. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या तर त्यांना हात लावायचा नाही. तो रंग जास्त दाबाच्या विजेची खूण म्हणून जगभर वापरतात. बॅटरीवर पाना किंवा हातातले कडे दोन्ही टोकांना एकदम टेकले की ठिणगी उडते आणि बॅटरीभोवती कधी कधी हायड्रोजन साठलेला असतो. विडी-सिगारेट म्हणूनच दूर. सीएनजीच्या गाडीत गॅसचा वास आला तर इंजिन बंद करून सगळ्यांना लांब उभे करावे. बोनेटचा विचार नंतर.

धूर दिसला तर?

वाफ आणि धूर यांत फरक असतो. वाफ पांढरी, ओलसर, गोडसर वासाची आणि वर जाता जाता विरणारी. धूर काळपट, करपलेल्या रबराचा किंवा वायरचा वास येणारा. धूर असेल तर बोनेट उघडू नये. बंद बोनेटखाली आग हवेअभावी घुसमटलेली असते. बोनेट उचलले की तिला हवा मिळते आणि ज्वाळा उघडणाऱ्याच्या तोंडावर येतात. गाडी बंद करून सगळ्यांनी उतरावे, सामानासाठी परत जाऊ नये आणि दूर जाऊन ११२ किंवा १०१ लावावा. अग्निशामक सिलिंडर जवळ असेल आणि वापरता येत असेल, तर बोनेट बोटभर उघडे ठेवून त्या फटीतून किंवा चाकाच्या बाजूने फवारा मारण्याची पद्धत आहे. येत नसेल तर गाडी विम्यावर सोडावी.

पावसाळ्यात बोनेटखाली कोण बसलेले असते?

रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बिळे पाण्याने भरतात आणि रात्रभर उबदार राहिलेले इंजिन म्हणजे तयार घरच. उंदीर सर्वांत जास्त. ते वायरचे आवरण कुरतडतात आणि सुकी पाने, काथ्या, चिंध्या आणून घरटे करतात. हे घरटे सायलेन्सरच्या तापल्या भागाजवळ असेल तर आगीला निमित्त. उंदरांच्या मागावर साप येतो. कातळसड्यांच्या या जिल्ह्यात फुरसे नवीन नाही आणि ते लहान, मातकट असल्याने पाइपांच्या गर्दीत पटकन दिसत नाही. म्हणून आठवडाभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीचे बोनेट उघडण्याआधी त्यावर दोन-तीन थापा माराव्यात, उघडल्यावर आधी टॉर्च आणि मग हात. मांजराची पिल्ले असली तर थापांनी तीही बाहेर येतात. साप दिसला तर बोनेट तसेच ठेवून मागे यावे आणि वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला कळवावे. काठीने डिवचलेला साप बाहेर न येता डॅशबोर्डमागे शिरतो आणि मग गाडी अर्धी खोलावी लागते.

पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचा प्रकार वेगळा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा असंख्य गाड्या बोनेटच्या वरपर्यंत बुडाल्या. अशा गाडीला ‘सुरू होते का बघू’ म्हणून चावी लावणे हीच सर्वांत महाग चूक ठरते. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि आतला रॉड वाकतो. पाणी ओसरल्यावर बोनेट उघडून, हात कोरडे करून बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, फोटो काढून विमा कंपनीला कळवावे आणि गाडी टोचन करून न्यावी. इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत तेही स्वतः करू नये.

दांडी नीट लागली, हे कसे ओळखावे?

बोनेट उचलल्यावर ते तोलून धरणारी दांडी एका ठरावीक भोकातच बसते. बहुतेक गाड्यांत तिथे बाणाची खूण असते. भोके दोन-तीन दिसतात, त्यामुळे घाईत दांडी भलत्याच जागी टेकवली जाते आणि धक्का लागला की वीस किलोचा पत्रा मानेवर. दांडी लावल्यावर बोनेट किंचित हलवून पाहावे. इंजिन तापलेले असेल तर दांडीही तापलेली असते, म्हणून तिला प्लास्टिकची किंवा स्पंजची मूठ दिलेली असते, तिथेच धरावे.

आरे-वारेच्या किनारी रस्त्यावर किंवा मिऱ्याच्या बंधाऱ्याकडे वाऱ्याचाही हिशेब करावा लागतो. गाडीचे तोंड वाऱ्याकडे असेल तर वारा बोनेटखाली शिरून ते मागे ढकलतो, दांडी भोकातून निसटते आणि झोत कमी झाला की बोनेट धाडकन खाली येते. बिजागऱ्या वाकतात त्या वेगळ्याच. वारा मागून असेल तर तो वर केलेला पत्रा बंद करायला बघतो. गाडी आडव्या वाऱ्याला उभी करावी, आणि तरीही एकाने बोनेट हाताने धरून ठेवावे.

बंद करताना कुठे चुकते?

आत राहिलेले फडके, पाना, पाण्याची बाटली आधी काढावी. दांडी तिच्या चिमट्यात परत अडकवावी. ती मोकळी राहिली आणि बोनेट दाबले तर पत्र्याला आतून पोचा पडतो. मग बोनेट खाली आणून साधारण एक वीतभर उंचीवरून सोडून द्यावे. स्वतःच्या वजनाने दोन्ही खटके लागतात. फार वरून आपटले तर दिवे आणि खटका दोन्हींना हादरा बसतो. हळूच टेकवून मधोमध तळव्याने दाबले तर पातळ पत्रा चेपतो आणि मुख्य खटका लागतोच असे नाही. गॅसच्या नळकांड्यांवर तोललेले किंवा ॲल्युमिनियमचे हलके बोनेट मात्र शेवटी दोन्ही तळव्यांनी, कडेजवळ दाबावे लागते. पुस्तक जे सांगते ते.

त्यानंतरची कृती पाच सेकंदांची आणि सर्वाधिक वगळली जाणारी. बोनेटच्या पुढच्या कडेला बोटे लावून ते वर ओढून पाहावे. हलले नाही, दोन्ही बाजूंची फट सारखी असली, तर लागले. बोटभर वर आले, तर मुख्य खटका लागलेला नाही आणि बोनेट दुसऱ्या खटक्यावर लटकले आहे. गावातल्या गावात अशी गाडी महिनाभरही चालेल. बाजारात, बसस्थानकाजवळ, तीसच्या वेगाने काही होणार नाही. वाऱ्याचा जोर मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ४० वरून ८० झाला की जोर दुप्पट नव्हे, चौपट. हातखंबा तिठ्यावरून महामार्गाला लागून ८०-९० चा वेग धरला आणि समोरून ट्रकच्या वाऱ्याचा फटका बसला, की सगळा भार त्या एका दुसऱ्या खटक्यावर येतो. तो जाम असेल तर?

खाऱ्या हवेचा आणि खटक्याचा संबंध काय?

खटका जिथे असतो ती जागा गाडीतली सर्वांत वाईट. पुढच्या जाळीमागे, रस्त्याचा चिखल, पावसाचे पाणी, धूळ, किडे सगळे तिथेच आदळते. त्यात समुद्रालगतच्या हवेतले मीठ. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते आणि लोखंड गंजण्याचा वेग वाढवते. मांडवी, भाट्ये, मिरकरवाड्याच्या परिसरात दारे-खिडक्यांच्या बिजागऱ्या किती लवकर धरतात हे रहिवाशांना सांगावे लागत नाही. बोनेटच्या खटक्याचे दुखणे तेच, फक्त ते झाकलेले असते. दुसऱ्या खटक्याला एक छोटी स्प्रिंग असते. बोट काढले की तिने खटका जागेवर परत आणायचा. गंज आणि घाण साचून सांधा जड झाला की खटका उघडल्या स्थितीतच अडकून राहतो. बोनेट बंद दिसते, मुख्य खटका लागलेला असतो, काहीही बिघडलेले जाणवत नाही. जाणवते ते मुख्य खटका सुटल्यावरच.

ही केवळ कल्पना नव्हे. निसान कंपनीने २०२० मध्ये अमेरिकेत अल्टिमा या मॉडेलच्या २०१३ ते २०१८ दरम्यानच्या १८ लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या, त्या याच कारणासाठी. सांध्यात घाण आणि गंज साचून बोनेटचा दुसरा खटका उघडा राहू शकतो, असे आढळले होते. त्याआधीही याच मॉडेलसाठी याच दोषावर मोहिमा झाल्या होत्या. टेस्लाच्या २०२४ मधल्या प्रकरणात दोष वेगळा होता. बोनेट उघडे राहिले तरी गाडीला ते कळतच नव्हते, म्हणून चालकाला इशारा मिळत नव्हता. सुमारे १८.५ लाख गाड्यांना सॉफ्टवेअर बदलून द्यावे लागले. इशाऱ्याचा दिवा नसलेल्या जुन्या गाडीत ते काम मालकाच्या बोटांनाच करावे लागते.

तपासणी साधी आहे. बोनेट उघडे असताना दुसऱ्या खटक्याची पट्टी बोटाने सरकवून सोडावी. ती टणकन जागेवर आली पाहिजे. रेंगाळली किंवा अडकली, तर सांधा ब्रशने आणि गंज सोडवणाऱ्या फवाऱ्याने स्वच्छ करून कोरडा करावा, मग पांढरे ग्रीस बोटावर घेऊन लावावे. इंजिनचे जुने काळे तेल लावण्याची सवय सोडलेली बरी. त्यावर धूळ बसून महिनाभरात लगदा होतो. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी हे पावसाआधी एकदा आणि गणपतीत लांबच्या प्रवासाआधी एकदा करावे. सर्व्हिसिंगला गाडी देताना ‘बोनेट लॉक बघा’ असे वेगळे सांगावे लागते, कारण ऑइल आणि फिल्टरच्या यादीत ते क्वचितच असते. पुढून कशाला तरी धडक बसून बोनेट किंवा जाळी बदललेली असेल, तर खटक्याची जागा किंचित सरकलेली असू शकते. स्वस्तात डेंटिंग करून घेतलेल्या सेकंडहँड गाडीत हे आधी पाहावे.

केबलही याच हवेत गंजते. दांडा ओढताना जड लागू लागला की ती पूर्वसूचना असते. केबल ताणूनही बोनेट सुटत नसेल तर एकाने आत दांडा ओढून धरावा आणि दुसऱ्याने बोनेटची पुढची कड तळव्याने खाली दाबून सोडावी. खटक्यावरचा ताण कमी झाला की बहुधा सुटते. दांडा हातात सैल आला तर केबल तुटली. तेव्हा जाळीतून पक्कड किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून खटपट करू नये. मागे रेडिएटर असतो, आणि त्याला भोक पडले की खर्च केबलच्या कितीतरी पट.

चालत्या गाडीत बोनेट उघडले तर काय करावे?

सुरुवात बहुधा फडफडीने होते. बोनेटची कड थरथरताना दिसते किंवा खडखड ऐकू येते. त्याच क्षणी वेग कमी करून पहिल्या सुरक्षित जागी थांबावे. ‘पुढच्या पंपावर बघू’ नको. पूर्ण उघडून काचेवर आले तर पहिली प्रतिक्रिया जोरात ब्रेक मारण्याची असते, आणि मागून ट्रक असेल तर तीच घात करते. स्टिअरिंग सरळ धरावे, एक्सलरेटर सोडावा, पार्किंग दिवे लावावेत आणि ब्रेक हळूहळू दाबावा. बोनेट आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये बिजागरीजवळ एक पट्टीसारखी फट बहुतेक गाड्यांत राहते. थोडे खाली वाकून तिच्यातून रस्ता दिसतो. ती नसेल तर उजव्या खिडकीतून रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्याचा अंदाज घेत गाडी डावीकडे आणावी. शेजारी बसलेल्याने डाव्या कडेचे अंतर मोठ्याने सांगत राहावे. घाटात डाव्या हाताला दरी असेल तर फार कडेला न जाता आपल्या लेनमध्येच थांबून माणसांना आधी उतरवावे आणि मागे ५० पावलांवर त्रिकोण किंवा झाडाची फांदी ठेवावी.

थांबल्यावर बोनेट दोरीने बांधून ‘रत्नागिरीपर्यंत तर जाऊ’ असे ठरवणारेही असतात. वाकलेली बिजागरी आणि तुटलेला खटका दोरीला फार वेळ दाद देत नाही. गाडी टोचन करूनच न्यावी. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. घाटात रेंज नसेल तर कठड्याच्या आत उभे राहून पहिल्या एसटीच्या चालकाला हात करावा.